कुठलं तळेगाव? गावाचा फोटो-ग्रुप सांभाळताना

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले, की आमच्याही गावाचा, सोसायटीचा, दहावीच्या बॅचचा फोटोंचा ग्रुप आहे आणि अ‍ॅडमिन होऊन डोक्याला ताप झालाय, यावर एकदा बोला. म्हणून हा भाग. जे बोललो ते इथं लिहून काढलंय. ओघातले 'म्हणजे' आणि 'काय आहे ना' तेवढे कमी केलेत.

मी तळेगाव ढमढेरेचा. आमचा ग्रुप २०१९ मध्ये सुरू झाला तो जुन्या फोटोंसाठी. वेळ नदीला आलेला पूर, पडायला आलेले वाडे, कुणाच्या तरी आजोबांची बैलजोडी, असले फोटो. चाळीस जण होतो, सगळे एकमेकांना तोंडओळखीनं नाही तर घरच्या नावानं ओळखणारे. मग यात्रेचे फोटो आले, लग्नाचे आले, कांद्याचे आणि उसाचे आले. तेव्हाची २५६ जणांची मर्यादा भरली. २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं ती आधी ५१२ आणि त्याच वर्षी पुढं १०२४ केली. आज आम्ही सहाशेच्या वर आहोत. चाळीस जणांचा होता तोवर तो आमचा कट्टा होता. सहाशे झाल्यावर त्याचा आठवडे बाजार झाला आणि मी मात्र कट्ट्यावरच बसल्यासारखा वागत राहिलो. हे लक्षात यायला एक रात्र लागली.

ती रात्र २०२५ च्या नोव्हेंबरातली. त्या आधीचे दिवस आठवा. आपल्याच शिरूर तालुक्यात, वर पिंपरखेड-जांबूतच्या पट्ट्यात, ऑक्टोबरच्या मध्यापासून तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले होते. त्यात दोन लेकरं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनविभागाची गाडी पेटवली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या भागातला एक नरभक्षक बिबट्या गोळी घालून मारला गेला. पण मारला म्हणून भीती थोडीच जाते! संध्याकाळी सहानंतर आमच्याकडंही वस्तीवरच्या बायका पोरांना अंगणात सोडत नव्हत्या.

अशात रात्री साडेदहाला ग्रुपवर फोटो पडला. भिंतीवर बसलेला बिबट्या, डोळे चमकतायत, आणि खाली एक ओळ: 'तळेगावात बिबट्या, सावध राहा.' बस्स, एवढंच.

मी जेवून फोन चार्जिंगला लावून झोपायच्या तयारीत होतो. पावणेबाराला सहज बघितलं तर दोनशेच्या वर मेसेज. कुणी लिहिलेलं 'ओढ्याकडं दिसला', कुणी 'शाळेमागं', कुणी 'वासरू नेलं'. फोटोत ओढा नाही, शाळा नाही, वासरू तर नाहीच. पण एकानं विचारलं 'ओढ्याकडं का?' आणि दुसऱ्यानं त्यातलं प्रश्नचिन्ह काढून पुढं पाठवलं. पंधरा-वीस पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन बाहेर पडली होती. अंधारात बांधावरून मोटरसायकल घसरून त्यातल्या एकाचा पाय मोडला. नळी मोडली, प्लेट टाकावी लागली. घरात कमावणारा तोच.

आणि उलगडा कसा झाला, तर ग्रुपमधल्या एका गवंडीकाम करणाऱ्या माणसानं पहाटे लिहिलं: 'ही भिंत जांभ्याची हाय. आपल्याकडं जांभा कोण लावतंय? ह्यो कोकणातला फोटो हाय.' गूगल लेन्सवर टाकून पाहिलं तर तोच फोटो आदल्या वर्षीच्या कुठल्याशा पोस्टमध्ये सापडला. ज्यानं आमच्याकडं टाकला त्या बिचाऱ्याला तो भावकीच्या ग्रुपवरून आलेला. बरं, 'तळेगाव' म्हणजे तरी कुठलं? मावळात दाभाड्यांचं आहे, संगमनेर तालुक्यात दिघे आहे, अमरावतीकडं दशासर, वर्ध्याकडं श्यामजीपंत. आमची पार्सलं दाभाड्यांच्या तळेगावला जाऊन परत येतात हा तर कायमचा विनोद. पण त्या रात्री सहाशे जणांतल्या एकालाही 'कुठलं तळेगाव?' हे विचारावंसं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं, खोटं कशाला बोलू.

इथं एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि फोटोच्या खालच्या ओळीनं काय होतं ते त्यात दिसतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना मारून टाकलं. भिक्षुकी करून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक, मंगळवेढ्याकडून आलेले. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज त्या काळात सगळीकडं फिरत होते. त्यांच्यासोबत जे फिरत होतं त्यात मुलं मरून पडल्याचे फोटो होते. ते २०१३ मधल्या सीरियातल्या विषारी वायूच्या हल्ल्यातले निघाले. पोर उचलून नेणाऱ्या मोटरसायकलवाल्यांचा एक व्हिडिओ होता. तो कराचीतल्या एका संस्थेनं जनजागृतीसाठी बनवलेल्या फिल्मचा कापलेला तुकडा. म्हणजे फोटोतली मुलं खरोखर गेलेली होती, फक्त ती इथली नव्हती. आमचा बिबट्याही तसा खराच होता. खोटी होती ती खालची ओळ. म्हणून 'फेक फोटो टाकू नका' हा नियम काही कामाचा नाही. टाकणाऱ्याला तो फेक वाटतच नसतो.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं. २०२० मध्ये, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. वर दोन बाण असतात ना, 'अनेकदा फॉरवर्ड केलेला', तो हाच प्रकार. आमच्या बिबट्यावर ते दोन बाण होते. सहाशे लोकांनी बिबट्या बघितला, बाण कुणी बघितला नाही.

तर मग आम्ही काय केलं? पहिलं, आम्ही चूक केली.

दुसऱ्या दिवसापासून रात्री दहा ते सकाळी सहा ग्रुपला कुलूप. सेटिंगमध्ये जाऊन 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील' हे चालू करायचं. मला फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं. पाच-सहा दिवस शांतता. मग एक दिवस सकाळी मळ्यातल्या एका शेतकऱ्यानं मला रस्त्यातच थांबवलं. शेतीची वीज रात्रीची, म्हणून हा दीडला मोटर चालू करायला गेलेला. उसाच्या कडेला बिबट्या बघितला, स्वतःच्या डोळ्यांनी. फोटोही काढला होता, धुरकट का होईना. ग्रुपवर टाकायला गेला तर टाकता येईना. मला फोन केला, मी झोपलेलो. शेजारच्या वस्तीवरची शेळी त्याच रात्री गेली. मला म्हणाला, 'भाऊ, खोटा फोटो आला तवा दार उघडं, आन खरा आला तवा बंद.' यावर मी काय बोलणार?

कुलूप त्याच दिवशी काढलं. मला विचाराल तर सतत चालणाऱ्या गावाच्या ग्रुपला रात्रीचं कुलूप ही अ‍ॅडमिनच्या झोपेची सोय आहे, ग्रुपची नाही. त्याऐवजी आम्ही अ‍ॅडमिन वाढवले. आता पाच आहेत. त्यात रांजणगाव एमआयडीसीत कामाला असलेला एक पोरगा आहे, ज्याची पाळी बहुतेक रात्रीचीच असते आणि जेवणाच्या सुट्टीत फोन बघतोच. दोन बाया आहेत, त्यांच्याबद्दल पुढं सांगतो. एकटा अ‍ॅडमिन म्हणजे एकटा राखणदार, त्याला डुलकी लागणारच.

अपवाद एकच ठेवलाय. दरवर्षी १ जानेवारीला इथून जवळच, कोरेगाव भीमाला विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात. २०१८ च्या हिंसाचाराचे जुने फोटो डिसेंबर संपता संपता पुन्हा फिरायला लागतात, जणू कालचेच असल्यासारखे. त्या दोन-तीन दिवसांत आम्ही ग्रुप दिवसरात्र फक्त अ‍ॅडमिनपुरता ठेवतो आणि तसं आठवडाभर आधी सांगून ठेवतो. शिवाय पाचही जणांचे नंबर वर लावलेले असतात, आणि त्यातला एक जण जागा असतो.

आता बिबट्याच्या फोटोचा नियम. तो असा: कुठल्या वस्तीवर, किती वाजता, आणि कुणी काढला, या तीन गोष्टी फोटोसोबत नसतील तर फोटो काढून टाकला जाईल. २०२२ च्या ऑगस्टपासून अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, त्यामुळं हे जमतं. पण नुसतं डिलीट करू नका. सुरुवातीला आम्ही गुपचूप काढायचो, तर गावात बोभाटा, 'अ‍ॅडमिननं बिबट्या दाबला, वनखात्याला मिळालेत.' हसू नका, हे माझ्या तोंडावर बोलले लोक. तेव्हापासून काढल्यावर लगेच एक ओळ टाकतो: 'फोटो काढला आहे, जागा-वेळ कळली नाही. कळली की परत टाकू.' 'खोटा' हा शब्द वापरत नाही, कारण त्या क्षणी आम्हालाही माहीत नसतं. आणि मग टाकणाऱ्याला फोन. मेसेज नाही, फोनच.

फोनवर विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. तुम्ही काढला का? नसेल तर कुणाकडून आला? त्या माणसाचा नंबर द्या. तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं की बहुतेक फोटो विरघळतात. ज्यानं स्वतः काढलाय त्याला म्हणायचं, तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मला पाठव. नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि आतली माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून आला तर फोटो काढल्याची तारीख-वेळ, आणि लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा, आत दिसू शकते. म्हणूनच तो ग्रुपवर मागवायचा नाही, अ‍ॅडमिनच्या नंबरवरच. कुणाच्या घराची जागा सहाशे जणांना कशाला?

एआयचं काय, हा प्रश्न सगळ्यात जास्त आला. औंधमध्ये बिबट्या दिसला त्या सुमाराला पुणे शहरातही एआयनं बनवलेले बिबटे फिरले. कुणाच्या पार्किंगमध्ये, कुणाच्या गेटसमोर. वनविभागाला लोकांना बजावावं लागलं. मी काही तज्ज्ञ नाही, पण मिशा मोजत बसू नका, ठिपके बघत बसू नका. आज जी चूक दिसते ती उद्याच्या अ‍ॅपमध्ये नसेल. आमच्या पोरांनी यावर शोधलेला उपाय मला पटला: ज्यानं टाकला त्याला म्हणायचं, सकाळी त्याच जागेवर उभं राहून त्याच बाजूनं आणखी एक फोटो काढ. खरा असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. गंमत करणाऱ्याला तेवढं चालायचाही कंटाळा असतो.

आणि ग्रुपमध्ये कुणाला काय कळतं याची मनात एक यादी ठेवा. गवंड्याला भिंत कळली. विजेच्या खांबावरून, तारांवरून वायरमनला कळतं. ऊस किती महिन्यांचा आहे हे तोडणीवाल्याला कळतं, आणि त्यावरून फोटो कुठल्या हंगामातला ते निघतं. सहाशे माणसांत एवढं शहाणपण असतं, ते पहाटेऐवजी रात्री साडेदहालाच विचारायचं, एवढंच.

फोटो खरा ठरला तर? तरी दुसऱ्या कुठल्या ग्रुपवर पाठवण्याआधी वनरक्षकाला फोन, किंवा वनखात्याचा १९२६. खरा फोटो गावात फिरला की शंभर माणसं तिथं जमतात, बिबट्या उसात दबकून बसतो, आणि पिंजरा किंवा कॅमेरा लावायला आलेल्यांना काम करता येत नाही. अजून एक, हे थोडं विषय सोडून. नुसता दिसला, फोटो निघाला, की लगेच 'पिंजरा लावा' ही मागणी सुरू होते. जुन्नर भागात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी असेच बिबटे पकडून दुसरीकडं सोडले गेले, आणि विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात असं दिसलं, की सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. हल्ला करणारा बिबट्या वेगळा, वाटेनं जाणारा वेगळा. फोटोत दोघं सारखेच दिसतात.

आता त्या दोन अ‍ॅडमिन बायांबद्दल. एका स्नेहसंमेलनाचे फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकले होते. लावणीवर नाचणाऱ्या मुली, नववी-दहावीच्या. चांगल्या मनानं टाकलेले, 'आपल्या गावच्या कन्या' वगैरे. दोन दिवसांत त्यातला एक फोटो, कापून, खाली घाणेरडी ओळ लिहून, शेजारच्या गावच्या ग्रुपवर. मुलीच्या आईचा मला फोन आला. मी म्हटलं, 'ताई, आमच्याकडचा लगेच डिलीट करतो.' ती म्हणाली, 'दादा, डिलीट करून काय होतंय? बघितला की सगळ्यांनी.' खरं होतं. आपण काढेपर्यंत फोटो कितीतरी जणांच्या गॅलरीत उतरलेला असतो, कुणी स्क्रीनशॉट काढलेला असतो. ती मुलगी आठ दिवस शाळेत गेली नाही. आईला घेऊन आम्ही पोलीस स्टेशनला गेलो, तक्रार दिली, पुढं ज्यानं केलं तो सापडला. पण त्या आठ दिवसांचं कोण काय करणार?

त्या आईलाच आम्ही अ‍ॅडमिन केलं, आणि तिच्या मैत्रिणीला. कारण हा फोन मला यायच्या आधी पाच बायांना माहीत होतं, आणि एकीनंही मला सांगितलं नव्हतं. पुरुष अ‍ॅडमिनला बाया हे सांगत नाहीत, का सांगाव्यात? आता नियम असा, की दुसऱ्याच्या लेकराचा चेहरा ओळखू येईल असा फोटो आईबापाला विचारल्याशिवाय मोठ्या ग्रुपवर नाही. कार्यक्रमाचे फोटो पालकांच्या छोट्या ग्रुपवर. आणि अपघातात, हल्ल्यात गेलेल्या माणसाचा फोटो अजिबात नाही, मग तो कितीही खरा असो. त्या घरातलं कुणीतरी ग्रुपमध्ये असतंच. पिंपरखेडच्या वेळी असे फोटो आले होते. कुणी टाकले, विचारू नका. मी तीन मिनिटांत काढले आणि ती तीन मिनिटंही जास्तच होती.

गुड मॉर्निंग, वाढदिवसाचे फ्लेक्स, निवडणुकीचे हात जोडलेले फोटो, यावर फार बोलत नाही. दुसरा ग्रुप काढा आणि तिकडं पाठवा.

सगळ्यात अवघड काम म्हणजे मोठ्या माणसांना सांगणं. फॉरवर्ड करणारे बहुतेक वेळा तात्या, अण्णा, नाना असतात. त्यांना ग्रुपवर चारचौघांत बोललं की संपलं. एकदा मी एका तात्यांना रागाच्या भरात रिमूव्ह केलं. गावात ते पंगतीतून उठवल्यासारखं झालं. आमच्या घरच्या लग्नाला ते आले नाहीत, अक्षता टाकायलाही नाही. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला, माफी मागितली. आता क्रम ठरलेला आहे: पहिल्यांदा फोन, दुसऱ्यांदा घरी जाऊन, आणि तिसऱ्यांदा पाचही अ‍ॅडमिननी मिळून ठरवायचं, तेही महिनाभरासाठी. तारीख सांगून काढायचं, तारखेला परत घ्यायचं. तात्या आता फोटो टाकायच्या आधी मला फोन करतात, 'ह्ये टाकू का रं?' दिवसातून चारदा करतात, ते सोडा.

राहिला कायदा. 'ग्रुपवर काही आलं की अ‍ॅडमिनला उचलतात' हे ऐकून बरेच जण घाबरून ग्रुप सोडतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १ मार्च २०२१ ला गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात निकाल दिलाय. सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येणार नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसला पाहिजे. त्या प्रकरणातल्या अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द झाला. मात्र तुम्ही स्वतः टाकलात किंवा पुढं पाठवलात, तर अ‍ॅडमिन काय आणि सदस्य काय, सारखेच. लोकांत घबराट पसरवणाऱ्या अफवेसाठी भारतीय न्याय संहितेत ३५३ कलम आहे. आणि पोलिसांची नोटीस आली तर ती घेऊन वकिलाकडं जा, पॉडकास्टकडं नको.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. रात्री नऊ वाजता न्हावरा रस्त्याकडच्या एका वस्तीवरच्या मुलीनं, अकरावीत असेल, ओल्या मातीतल्या पंजाचा फोटो टाकला. शेजारी मापाला काडेपेटी ठेवलेली. खाली वस्तीचं नाव, वेळ, 'मी काढला'. कुणी काठी उचलली नाही. आमच्या एमआयडीसीवाल्यानं फोटो वनरक्षकाला पाठवला. वीस मिनिटांनी उत्तर आलं: बोटांपुढं नखांचे ठसे स्पष्ट आहेत; बिबट्या नखं आत ओढून चालतो, त्याची अशी दिसत नाहीत. हा तरस आहे, कोंबड्या तेवढ्या आत घ्या.

तेवढ्यात तात्यांचा फोन. 'तरसाचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकू का रं?'

म्हटलं, टाका. पण काडेपेटी कापू नका आणि कुठलं तळेगाव ते लिहा.